सही झाली, पेशंट गेला

‘इंटर्नला पानभर निबंध लिहायला लावल्यानं त्याला दाढ काढता येणार आहे का?’ दंतवैद्यांच्या बैठकीत हल्ली हा प्रश्न कुणीतरी विचारतंच आणि हमखास टाळ्या घेऊन जातं. निमित्त ‘रिफ्लेक्शन’चं, म्हणजे केलेल्या कामाकडे मागे वळून बघून ते लिहून काढण्याचं. एमबीबीएसला २०१९पासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला, त्यासोबत वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणारं ‘एटकॉम’ आलं, आणि लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीत, ‘या अनुभवातून मी काय शिकलो’ अशी पानं आली. २०२३मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा झाला, तेव्हापासून आपल्याकडेही तीच भाषा कानावर येऊ लागली आहे. लगेच दोन फळ्या पडल्या. एकीकडे तीस-चाळीस वर्षं चेअरशेजारी वाकून मानेचे मणके झिजवलेले ज्येष्ठ. त्यांचं म्हणणं, हात चालवा, डोकं आपोआप चालेल. दुसरीकडे शिक्षणशास्त्राच्या कार्यशाळा करून आलेले तरुण प्राध्यापक, ज्यांच्या लॅपटॉपात चक्रं आणि बाण तयारच असतात. गंमत अशी की दोघंही भांडतायत ते एका कागदावरून. तो लॉगबुकात लावायचा की नाही, एवढंच.

मला दोघांचंही पटत नाही. केलेल्या कामाकडे मागे वळून बघणं हा हाताच्या कौशल्याचाच भाग आहे, त्याशिवाय हात सुधारत नाही, असं माझं मत आहे. म्हणजे मी ज्येष्ठांच्या विरोधात. पण हे मागे वळून बघणं कागदावर होत नसतं. आपण केलेलं काम आठ दिवसांनी, सहा महिन्यांनी पेशंटच्या तोंडात पुन्हा पाहिलं तर ते होतं. आणि आपली इंटर्नशिप अशी बेतलेली आहे की तो पेशंट त्या मुलाला पुन्हा दिसूच नये. जे पाहिलंच नाही त्यावर चिंतन कसलं करणार? तेव्हा कार्यशाळावाल्यांच्याही विरोधात.

ज्येष्ठांचा मुद्दा मात्र हलका नाही, तो आधी नीट मान्य करतो. पहिल्यांदा दात काढायचा चिमटा, म्हणजे फोरसेप्स, हातात धरणाऱ्या मुलाचं सगळं लक्ष हात थरथरू नये याकडेच असतं. त्या वेळी ‘तुला काय वाटतंय’ असं विचारणं म्हणजे पोहायला शिकताना गटांगळ्या खाणाऱ्याची मुलाखत घेण्यासारखं आहे. आकडा लागतोच. वीस दाढा काढल्याशिवाय एकविसाव्या दाढेबद्दल बोलण्यासारखं काही साचत नाही. तालमीत वस्ताद नव्या पोराला आधी जोर-बैठका मारायला लावतो, डावपेचांवर प्रवचन देत नाही. पण तोच वस्ताद पोरगं कुस्तीत चितपट होऊन आलं की त्याला बाजूला घेतो आणि विचारतो, ‘पट काढताना पाय कुठं होता रे तुझा?’ ही दुसरी गोष्ट ज्येष्ठ सांगायला विसरतात. आणि आकड्याची एक खोड आहे, तो चूकही तितक्याच इमानानं पक्की करतो.

मी आठवड्यातून दोन दिवस एका कॉलेजात शिकवायला जातो. तिथं मध्यंतरी एक इंटर्न एका मावशींच्या खालच्या डाव्या दाढेसाठी तिसऱ्यांदा ब्लॉक, म्हणजे जबड्याची नस बधिर करणारं इंजेक्शन, देत होती. मावशींचा ओठ काही बधिर होत नव्हता. इंटर्न मला म्हणाली, ‘सर, मावशी खूप घाबरल्यात, म्हणून भूल लागत नाहीये.’ मी विचारलं, ‘हाड कधी लागतंय तुला?’ ‘लगेच लागतं, सर.’ ‘लगेच म्हणजे? निम्मी सुई आत जाते का?’ ती थांबली. सुईकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘नाही, सर. त्याआधीच.’ निम्मी सुईही आत न जाता हाड लागलं, तर टोक जबड्याच्या उभ्या फाट्यावर फार पुढे टेकलेलं असतं. नस राहते मागे. सुई जरा मागे घ्यायची, सिरिंज पलीकडच्या सुळ्याच्या दिशेनं वळवायची, टोक मागे सरकवायचं आणि मग सिरिंज पुन्हा मूळ दिशेला आणायची. चौथ्यांदा तिनं तसं केलं आणि पाच मिनिटांत मावशी ओठाला हात लावून म्हणाल्या, ‘अगं बाई, गेला की हा!’ त्या मुलीच्या लॉगबुकात तोवर साठेक ब्लॉक जमा होते. लागले किती, याचा रकाना लॉगबुकात नाही. जे लागले नाहीत त्यांचं कारण तिनं प्रत्येक वेळी पेशंटवर ढकललेलं होतं आणि साठ वेळा केल्यामुळे ते कारण तिला खरंही वाटू लागलं होतं. मी विचारला तो प्रश्न पहिल्या पाच ब्लॉकनंतर कुणी विचारला असता तर उरलेले पंचावन्न वेगळे झाले असते.

इथं कुणीतरी सुश्रुताला साक्षीला आणतोच. आणायला हरकत नाही. शस्त्रकर्माचा सराव कशावर करावा हे सुश्रुतसंहितेत तपशिलानं दिलं आहे. ओढून काढण्याच्या क्रियेसाठी फणसाच्या आणि बेलाच्या गराबरोबर मेलेल्या जनावरांचे दातही सुचवले आहेत. आमच्यातले हातवाले हा दाखला फार आवडीनं देतात. मात्र नुसतं शास्त्र घोकलेला आणि नुसतं कर्म जाणणारा असे दोघेही आपल्या कामाला असमर्थ, एका पंखाच्या पक्ष्यासारखे, हेही त्याच ग्रंथात आहे. ते सोयीनं वगळलं जातं. (आणि ‘हे सगळं आपल्याकडे आधीपासूनच होतं’ म्हणणाऱ्यांनाही विचारावंसं वाटतं, की होतं तर मग गेलं कुठं?)

आता माझी स्वतःची गोष्ट. इंटर्नशिपमध्ये मी एका आजोबांची पूर्ण कवळी केली. माप, चाव्याची नोंद, मेणातली ट्रायल, सगळं पार पडलं. बसवली तेव्हा आजोबांनी आरशात बघून मिशीवरून हात फिरवला, ‘झकास’ म्हणाले. सरांनी कवळी दोन बोटांनी हलवून पाहिली आणि सही केली. इंटर्नला ठरवून दिलेल्या कामांच्या माझ्या कोट्यातला एक आकडा कमी झाला. दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं, ते आले नाहीत. मला वाटलं, त्रास नसेल, म्हणून आले नसतील. पुढे ग्रामीण पोस्टिंगला शिबिरासाठी एका गावात गेलो, तर देवळाच्या पारावर आजोबा बसलेले. बोळक्या तोंडानं हसले. मी विचारलं, ‘कवळी कुठंय?’ त्यांनी बंडीच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली कवळी काढली. ‘फोटोला घालतो, डाक्टर. जेवताना नुसती टकटक वाजती.’

टकटक वाजते हे वाक्य कुठल्याही दंतवैद्याला निदान सांगून जातं. तोंड सैल सोडलेलं असताना वरच्या-खालच्या दातांमध्ये दोन ते चार मिलिमीटर मोकळी जागा राहायला हवी. मी चाव्याची उंची घेतली तेव्हा आजोबा अवघडून बसले होते, मी घाईत होतो, आणि ती जागा मी खाऊन टाकली होती. बोलताना, चावताना दात एकमेकांवर आपटणारच. मी सहीच्या दिवशी पास झालो होतो आणि कवळी नापास झाली होती, हे मला कळायला देवळाचा पार लागला. गाठ पडली तो निव्वळ योगायोग. त्या वर्षी मी केलेल्या बाकीच्या कवळ्या कुणाच्या खिशात आहेत, मला आजतागायत ठाऊक नाही. आजोबा परत का आले नाहीत? दोन एसट्या बदलाव्या लागत आणि एक दिवसाचा रोज बुडत होता. ते न येणं मी समाधान समजलो. आपल्या कॉलेजांतून दर वर्षी बाहेर पडणारी मुलं हाच समज घेऊन बाहेर पडतात, की पेशंट परत आला नाही म्हणजे काम चांगलं झालं.

ही काही आपलीच रड नाही. शंभर वर्षांपूर्वी बॉस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाच्या शल्यविशारदानं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलसारख्या नामांकित रुग्णालयात एक साधी मागणी केली होती. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड करा, निदान वर्षभरानं त्याला शोधून काढा, आणि शस्त्रक्रियेचा उपयोग झाला का ते लिहा. झाला नसेल तर का नाही, तेही लिहा. सहकारी बिथरले. १९१४मध्ये त्यानं तिथलं काम सोडलं आणि आपल्या छोट्या खासगी रुग्णालयावर भर दिला. १९११ ते १९१६ या काळात तिथून घरी सोडलेल्या ३३७ पेशंटांचा हिशेब त्यानं छापून टाकला, स्वतःच्या १२३ चुकांसकट. मधल्या काळात भर सभेत एक व्यंगचित्र लावलं, वाळूत डोकं खुपसून सोन्याची अंडी देणाऱ्या शहामृगाचं. पेशंट म्हणजे ते शहामृग आणि अंडी गोळा करणारे कोण, हे सांगायला नको. डॉक्टरमंडळींनी ते लक्षात ठेवलं, अर्थातच कौतुकानं नव्हे. कॉडमन आज जगभरच्या रुग्णालयांच्या गुणवत्तेच्या चळवळीचा आद्य पुरुष मानला जातो. पण मला त्याच्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यानं कुणालाही ‘तुमच्या भावना लिहा’ असं सांगितलं नाही. पेशंट परत आणा, एवढंच म्हणाला. विचार करायला भाग पाडण्याचं काम त्या परत आलेल्या पेशंटवर सोडलं.

उलट आपण आज काय आणतोय? ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ साली मांडलेलं सहा पायऱ्यांचं चक्र. काय घडलं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय, अर्थ काय, आणखी काय करता आलं असतं, पुन्हा काय कराल. चक्रात वाईट काही नाही. पण रूट कॅनाल करून पेशंट दहा मिनिटांपूर्वी जिना उतरलाय आणि इंटर्न लिहितोय, ‘मला आत्मविश्वास वाटला’. वाटणारच. मुळाच्या टोकाशी जंतुसंसर्गानं हाड झिजलं असेल तर ते भरून आलं की नाही हे एक्स-रेत कळायला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त वेळ जातो. त्या विभागातलं पोस्टिंग असतं एक महिन्याचं. म्हणजे निकाल लागायच्या आधीच परीक्षार्थी आपला निबंध लिहून मोकळा.

यावर कागदाच्या विरोधकांचा सगळ्यात चलाख मुद्दा येतो. ते म्हणतात, ही पानं मुलं कॉपी करतात. करतात. एकाच बॅचच्या दहा लॉगबुकांत ‘या अनुभवाने माझा रुग्णाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला’ हे वाक्य मी स्वतः वाचलंय, एकाच शुद्धलेखनाच्या चुकीसह. हल्ली ती चूकही दिसत नाही, कारण मोबाइल लिहून देतो. पण यातून निघतं काय? कोट्याची गत निराळी आहे का? पेशंट मिळत नाही म्हणून मित्राची केस आपल्या नावावर चढवणं, सहीसाठी संध्याकाळी पाच वाजता रांगेत उभं राहणं, हे ज्यानं पाहिलं नाही असा बीडीएस झालेला माणूस मला दाखवा. म्हणून काय आपण दाढा काढणं बंद केलं? ज्या कागदाचा वाचणारा नाही तो कागद खोटाच भरला जाणार, मग त्यावर आकडे असोत की भावना. माझ्या त्या ब्लॉकवाल्या इंटर्ननं एक ओळही लिहिली नाही. तिला कुणीतरी ‘हाड कधी लागलं’ एवढंच विचारलं. तो प्रश्न विचारायला मात्र त्या वेळी शिक्षक चेअरजवळ लागतो, केबिनमध्ये नाही. आणि या वादात शिक्षक कुठे असतो हा विषय दोन्ही फळ्या शिताफीनं टाळतात.

यापेक्षा अवघड आक्षेप मानसशास्त्राकडून येतो. माणसाला स्वतःचं मूल्यमापन करता येतच नाही, मग आत्मपरीक्षण कसलं करवून घेता? १९९९मध्ये डनिंग आणि क्रूगर या दोघांनी कॉर्नेल विद्यापीठात दाखवलं, की तर्काच्या आणि व्याकरणाच्या चाचणीत तळाशी असलेली मुलं स्वतःला सरासरीच्या वर समजत होती. दातांच्या बाबतीत हे मला रोज दिसतं. सगळ्यात छान रिफ्लेक्शन लिहिणारा मुलगा बहुधा सगळ्यात छान दाढ काढणारा नसतो. तो सगळ्यात छान लिहिणारा असतो. या आक्षेपाला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही. मी तो पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच म्हणतो की डोळे मिटून आत बघायला सांगू नका, डोळे उघडून बाहेर बघायला सांगा. आजोबांची कवळी खिशात होती, यापुढे माझ्या आत्मविश्वासाचं काही चालणार नव्हतं. एक्स-रेवर मुळाच्या टोकाच्या बरंच अलीकडे थांबलेलं फिलिंग कुणाच्या भावनांचा मुलाहिजा ठेवत नाही. श्रवण, मनन, निदिध्यासन अशी जुनी त्रयी आहे. त्यात मननाआधी श्रवण आहे. आधी पेशंट काय म्हणतो ते तर ऐकू या.

राहिली कायद्याची भीती. ‘चूक झाली असं लिहून ठेवलं आणि उद्या तेच ग्राहक आयोगात दाखवलं तर?’ ही भीती खोटी नाही. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्ही. पी. शांता प्रकरणात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली, त्यानंतरच्या पिढीनं ही धास्ती दुधाबरोबरच प्यायली आहे. ब्रिटनमध्ये तर या प्रश्नावर वादळ उठलं. लेस्टरच्या रुग्णालयात २०११मध्ये एक लहान मुलगा दगावला. डॉ. हदिझा बावा-गार्बा या प्रशिक्षणार्थी डॉक्टरला २०१५मध्ये शिक्षा झाली, २०१८च्या जानेवारीत नोंदणीतून नाव काढलं गेलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपील न्यायालयानं ते परत मिळवून दिलं. तिच्याच रिफ्लेक्शनच्या नोंदी तिच्याविरुद्ध वापरल्या, अशी बातमी पसरली आणि अनेक तरुण डॉक्टर खरं लिहायला कचरू लागले. तिची बाजू सांभाळणाऱ्या संस्थेनं नंतर स्पष्ट केलं की तिचा ई-पोर्टफोलिओ, म्हणजे या नोंदींची ऑनलाइन वही, ज्युरीपुढे आलाच नव्हता. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. २०१९मध्ये तिथल्या नऊ नियामक संस्थांनी, ज्यात दंतवैद्यांची जनरल डेंटल कौन्सिलही आहे, एकत्र निवेदन काढलं, की चौकशीसाठी कुणाच्याही खासगी नोंदी मागणार नाही. इथून जाऊन, तिथली परीक्षा देऊन प्रॅक्टिस करणारी आपली मराठी मुलं अशा नोंदी दर वर्षी करतात. काही मनापासून, काही वर्ष संपताना घाईघाईनं. आपल्याकडे असा शब्द कुणी दिलेला नाही. तो मिळेपर्यंत मी कुठल्याही इंटर्नला ‘माझी चूक’ असं शीर्षक देऊन सहीनिशी लिहायला सांगणार नाही. मात्र दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. रूट कॅनाल करताना मुळाची नळी साफ करायची बारीक सुई, म्हणजे फाइल, आत तुटली तर ती केस पेपरवर नोंदलीच पाहिजे आणि पेशंटला सांगितलीच पाहिजे. ते रिफ्लेक्शन नव्हे, तो पेशंटचा हक्क आहे. ती का तुटली, वाकडी झालेली फाइल पुन्हा वापरली का, जोर कुठे लागला, हे मात्र चहा पिता पिता बोलायचं. त्याला कागद लागत नाही.

मग करायचं काय? इंटर्नशिपच्या बारा महिन्यांतले तीन सार्वजनिक आरोग्याकडे आणि ग्रामीण भागात जातात, बाकीचे पंधरा दिवस ते दीड महिन्याच्या तुकड्यांत विभागलेले. त्यात निम्मी मुलं नीट-एमडीएस या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या पुस्तकांत डोकं घालून बसलेली, आणि उद्या एक्झिट टेस्ट आली की उरलेलीही बसतील. या रचनेत नवं पान घुसवून काहीही बदलणार नाही. मी एवढंच सुचवतो, की प्रत्येक इंटर्नला पहिल्या तीन महिन्यांतले पाच पेशंट वर्षभरासाठी त्याचे म्हणून द्यावेत. पोस्टिंग कुठलंही असो, कवळीचा पेशंट दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि सहा महिन्यांनी त्यालाच दिसावा. रूट कॅनालचा सहा महिन्यांचा एक्स-रे त्यानंच काढावा आणि पहिल्या एक्स-रेशेजारी ठेवून शिक्षकासोबत दहा मिनिटं बोलावं. जो आला नाही त्याला फोन करावा आणि का आला नाही ते विचारावं. पन्नासाच्या कोट्यातले दहा कमी करावे लागले तर करावेत. मी हे सुचवलं तेव्हा एका विभागप्रमुखांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला, की एवढ्या चेअर रिकाम्या नसतात, एवढा स्टाफ नाही. तो हिशेब खरा होता, मी त्यावर अजून विचार करतोय.

पण त्यानंतर त्यांनी विचारलं, ‘आणि सहा महिन्यांनी गावाकडच्या पेशंटला परत बोलवायचं, तर त्याचं एसटीचं भाडं कोण देणार?’ आमच्या वेळी परीक्षा आणि कोटा जवळ आला की हॉस्टेलचा वॉचमन, त्याचा मेहुणा, स्टँडवरचे रिक्षावाले, सगळ्यांना आम्ही विनवण्या करून ओपीडीत आणायचो. त्यांचं भाडं, केस पेपरचे पैसे आणि वर वडापाव हे सगळं आमच्या खिशातून जायचं. आजही जातं, इंटर्नना विचारून बघा. ते भाडं कोण देतं, हे तेव्हा कुठल्याच विभागप्रमुखांनी विचारलं नव्हतं.